भद्र्याचा राहिलेला फटका

दोन सेल आणायला गेलो होतो, पेन्सिलीएवढे बारके. मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. जुळे सोलापुरात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. असलंच तर कुणाच्या तरी गाडीखाली जीभ काढून पडलेलं असतं. कोपऱ्यावरचा दुकानदार पंख्याखाली डुलक्या घेत होता. मी काउंटरवर टकटक केली.

"घड्याळाला पायजेत काय, काका?"

"न्हाय. एक माणूस वारलाय, त्याला खेळायचं हाय."

तो हसला आणि सेल काढून दिले. म्हाताऱ्याची नेहमीची फिरकी, असं त्याला वाटलं असणार. जन्मभर लोकांना फसवत आलो त्याची ही शिक्षा बघा. खरं बोललो तरी समोरचा हसतो.

मी महिपती. शिक्षण सातवी. सातवीत दोन वर्षं बसलो, म्हणजे हिशेबानं आठवी धरायला हरकत नाही, पण मास्तर ऐकेना. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवला, आणि मागापेक्षा जास्त लोकांना चालवलं. एकदा मॅनेजरसाहेबांच्या मिटलेल्या छत्रीत कापसाचा भुगा ठासून भरला होता. साहेबांनी गेटवर छत्री उघडली आणि भर पावसात दोन मिनिटांत म्हातारे झाले. चौकशी झाली. मी निष्पाप चेहऱ्यानं उभा, आणि माझ्या शेजारी माझ्याहून निष्पाप चेहऱ्यानं वीरभद्रप्पा.

हा वीरभद्रप्पा म्हणजे आमचा भद्र्या. कारखान्यात जॉबर होता, बिघडलेला माग दुरुस्त करायचं काम त्याच्याकडं. मूळचा अक्कलकोटकडचा लिंगायत, घरात कानडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. साठ मागांच्या धडधडाटात डोळे मिटून उभा राहायचा आणि बोट दाखवायचा, "तो बग, कोपऱ्यातला, त्याचा धोटा उशिरा पोचतोय." आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. उघडून बघावं तर तसंच निघायचं. थट्टा मी करायचो, पण हसू दाबून उभं राहायचं काम त्याचं. ते निम्म्याहून जास्त काम आहे. शेजारी असा माणूस नसला तर थट्टा ही नुसती खोडी होते.

निवृत्त झाल्यावर तो रोज दुपारी शुक्रवार पेठेतून रिक्षानं माझ्या घरी यायचा. माझी बायको रंभाबाई जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा आदिनाथ बँकेत, सून सरोजिनी शाळेत शिक्षिका. नात संस्कृती पुण्याला शिकायला गेली आणि तिचं खेळायचं मशीन टीव्हीखाली पडून राहिलं. त्याला दोन रिमोट. दोन्ही हातांत धरायचे आणि अंगठ्यानं बारकी दांडी हलवायची. सुट्टीत आली तेव्हा तिनं आम्हा दोघांना त्यातला गोल्फ शिकवला. आम्ही तिची पाठ सोडावी एवढाच तिचा हेतू होता.

पडद्यावर हिरवंगार मैदान, तळं, झाडं, मधूनच वाळूचे खड्डे. अठरा भोकं. काठीनं चेंडू मारत न्यायचा आणि कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा. भद्र्यानं पहिल्या दिवशी बराच वेळ ते गवत बघितलं.

"एवढं पाणी कुटनं आणत्यात रं हे? आपल्याकडं पाच दिवसांनी नळ येतोय."

"टीव्हीतला नळ रोज येतो."

"मग तितंच ऱ्हायला जाऊ की," तो म्हणाला.

लांबचा फटका आम्हाला दोन दिवसांत जमला. तो कुणालाही जमतो. खरं कठीण पुढं होतं. चेंडू हिरवळीच्या काठाशी आला, भोक दहा-वीस पावलांवर राहिलं, की तिथं ताकद चालत नाही. दांडी मागं ओढली की टीव्हीतला माणूस काठी मागं नेतो आणि पुढं ढकलली की मारतो. त्या मागं नेण्यात आणि पुढं आणण्यात एक मेळ लागतो. मेळ चुकला की पडद्यावरची बारकी पट्टी लाल होते. घाई झाली, असा तिचा अर्थ. माझी पट्टी कायम लाल. भद्र्याची पांढरी.

"तुला घाई लई," तो म्हणायचा. "माग चालू हाय असं समज. धोटा तिकडच्या टोकाला पोचू दे की. मग मार."

आणि स्वतः मारताना तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायचा. "ओंदू… येरडू… मूरू…" एक, दोन, तीन. तीन होईपर्यंत काठी मागं. चार तो कधी म्हणायचा नाही. चारच्या जागी चेंडूचाच आवाज यायचा, टुक्. चेंडू हलका उचलला जायचा, हिरवळीवर दोन टप्पे घ्यायचा आणि मांजरासारखा भोकाजवळ जाऊन बसायचा. वाळूतून काढताना चेंडूला न मारता मागच्या वाळूला मारायचं, उतारावर भोकाकडं न बघता वरच्या अंगाला चेंडू सोडून द्यायचा, हे सगळं तो आपलं आपण शिकला. मला दोन वर्षांत काही आलं नाही.

तरी दोन वर्षांत तो एकदाही जिंकला नाही. त्याचं कारण मी. त्याचं "मूरू" झालं रे झालं की मला खोकला यायचा. कधी "बसव्वा आली बग" म्हणायचो. बसव्वा म्हणजे त्याची बायको. तो दचकून दाराकडं बघायचा आणि चेंडू तळ्यात. चिडायचा नाही. चिडून दाखवता येईल असा चेहराच देवानं त्याला दिला नव्हता. फक्त एकदा म्हणाला, रिमोट मांडीवर ठेवून, टीव्हीकडं बघत, "महिप्या, एकदा अठरावं भोक मला गप बसून खेळू दे. एकदाच. मग वाटल्यास जलमभर खोकत बस."

मी म्हणालो, "बघू."

आता त्या दिवसाचं सांगतो. अठरावं भोक, सतराव्यापर्यंत दोघांचे फटके बरोबरीत. माझा चेंडू आत जाऊन माझं खेळणं संपलं होतं, पण मला त्याच्याहून दोन फटके जास्त लागले होते. त्याचा चेंडू हिरवळीच्या काठाला, भोक दहा पावलांवर. असला फटका तो झोपेत मारायचा. हा आत गेला की तो जिंकला. आणि नेमका तो लघवीला उठला. वय झालेलं, वेळ लागायचा. मी त्याचा रिमोट उचलला, मागचं झाकण सरकवलं, दोन सेल काढून माझ्या बंडीच्या खिशात टाकले आणि झाकण लावून रिमोट होता तसा ठेवला.

तो येऊन वेताच्या खुर्चीत बसला. "ओंदू… येरडू… मूरू…" काही नाही. पुन्हा मोजलं. टीव्हीतला माणूस ढिम्म. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. मी अगदी निष्पाप चेहरा करून बसलो होतो, त्यानंच शिकवलेला.

"सेल संपलं वाटतं," मी म्हणालो. "दुकान बंद असंल आता. उद्या मार की."

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं का? मी आजवर हाच विचार करतोय. मग उठला, धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाला, "बरं. उद्या मारतो. हात लावू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्या मुलाचा, सिद्धप्पाचा फोन आला. आप्पा झोपेतच गेले. फोन ठेवायला वाकलो तेव्हा खिशातले दोन सेल छातीला टोचले. मी रात्री तीच बंडी घालून झोपलो होतो.

त्यांच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात खड्ड्यात, बेलाची पानं, विभूती, सगळं घालून. तो आमच्या वेताच्या खुर्चीत बसायचा तसाच बसला होता, मान जरा डावीकडं. विभूती टाकायची माझी वेळ आली तेव्हा मुठीत ते दोन सेल होते. विभूतीबरोबर तेही सोडले. कुणाला दिसले नाहीत. हातचलाखी जन्मभर केली, तिचा एवढाच उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी मी सिद्धप्पाला विचारलं, "दहावा किती तारखेला धरलाय रं?"

"काका, आमच्यात कावळ्याला घास ठेवत न्हाईत," तो समजावून म्हणाला. "आप्पा लिंगैक्य झाले. मागं काय राहत न्हाय."

राहिलंय की, मी मनात म्हणालो. दहा पावलांवर राहिलंय.

आमच्याकडं बघा कसं सोपं असतं. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. कावळा शिवला नाही तर समजायचं की जाणाऱ्याच्या मनात काही अडकलंय. मग घरचे एकेक पुढं होऊन कबूल करतात, पोरीचं लग्न करतो, बहिणीला अंतर देत नाही. नेमकं ते बोललं गेलं की कावळा उतरतो. रंभाबाईच्या वेळी तासभर कावळा नव्हता. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "आजपासनं कुणाची थट्टा करणार न्हाय," आणि झाडावरून तीन कावळे एकदम आले. बिचारी तिथंही फसली. पण तिला विचारायला कावळा तरी होता. भद्र्याला मी कुठून विचारणार?

म्हणून माझ्या हिशेबानं दहाव्या दिवशी मी ते दोन सेल आणले.

घरी आलो तेव्हा सरोजिनी आतल्या खोलीत झोपली होती; शाळेला सुट्टी. पडदे ओढलेले. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर. मी एका ताटलीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि थोडं दही घेतलं आणि टीपॉयवर ठेवलं. त्याच्या रिमोटमध्ये नवे सेल घातले, तो वेताच्या खुर्चीवर ठेवला, बरोब्बर मधोमध. मग मशीन लावलं. खेळ सोडला होता तिथंच थांबला होता. हिरवळीच्या काठाला त्याचा माणूस काठी घेऊन उभा. निशाण हलत होतं.

मी माझ्या खुर्चीत बसलो, दोन्ही हात मांडीवर, रिमोटपासून लांब.

"मार," मी हळूच म्हणालो.

काही नाही. निशाण हलतंय. टीव्हीतल्या झाडावर एक पाखरू ठराविक वेळानं ओरडतं, ते ओरडलं. पाच मिनिटं गेली, मग दहा. भाकरीवर माशी बसली आणि उडाली. माझं मला हसू यायला लागलं. तुम्हीही हसा, हरकत नाही. बहात्तर वर्षांचा माणूस टीव्हीसमोर कावळ्याची वाट बघत बसलाय.

"खोकत न्हाय आज," मी म्हणालो. "शपथ… मार की रं."

कूलर चालू होता, पण थोड्या वेळानं त्याचा आवाज मला ऐकू येईनासा झाला. कारखान्यात तसं व्हायचं. साठ माग धडधडत असायचे आणि आपल्याला शेजारच्याचा श्वास ऐकू यायचा. तसंच झालं. वेताची खुर्ची करकरली, वजनदार माणूस टेकताना करकरते तशी, आधी पाठ आणि मग हात. वाळ्याच्या वासातून कोरडा वास आला, विभूतीचा. मी मान वळवली नाही. वळवली असती तर खुर्ची रिकामी दिसली असती, आणि मला ती रिकामी बघायची नव्हती.

टीव्हीतल्या माणसानं काठी मागं न्यायला सुरुवात केली.

मोजत कुणी नव्हतं. पण ती काठी ज्या बेतानं मागं चालली होती तो बेत मी बावन्न वर्षं ओळखतो. मी श्वास धरला. एक… दोन… तीन…

टुक्.

पट्टी पांढरी. चेंडू उचलला गेला, हिरवळीवर दोन टप्पे, आणि वळण घेत भोकाकडं निघाला. हळू, आणखी हळू. भोकाच्या ओठावर येऊन थांबला. अर्धा आत झुकलेला, अर्धा बाहेर. पडत नव्हता.

खेळात असा चेंडू फार तर क्षणभर थांबतो. पडतो किंवा राहतो, आणि पडदा बदलतो. हा ना पडत होता, ना पडदा बदलत होता. निशाणसुद्धा थांबलं होतं.

तेव्हा मला कळलं की हा कावळा आहे.

मी हात जोडले. "भद्र्या… सेल मी काढलं होतं. संपलं नव्हतं."

चेंडू तसाच.

"बसव्वाकडं दर सोमवारी जाऊन येतो. औषधं आणून देतो."

तसाच.

"सगळ्यांला सांगतो तू जिंकलास. कारखान्यातल्या सगळ्यांला. सिद्धप्पाला सांगतो."

पाखरूही ओरडेना. मी शोधून शोधून एकेक कबूल करत गेलो. कारखान्यात त्याच्या डब्यातली पुरणपोळी मी खाल्ली होती, ती कबूल केली. त्याच्या लग्नात वरातीचा घोडा मी सोडला होता, तेही. दोन वर्षांतले सगळे खोकले कबूल केले. चेंडू हलेना. आणि बाजूच्या खुर्चीत कुणीतरी शांत बसून माझ्याकडं बघतंय असं वाटत होतं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"मग काय पायजे रं तुला?" माझा आवाज फाटला. मग जन्माची खोड, रडू आलं की थट्टा सुचते. म्हणालो, "एकट्याला करमंना व्हय तितं?… बरं बाबा. येतो मी बी. तू मांडून ठेव. लई उशीर करत न्हाय."

चेंडू पडला.

भोकात पडल्याचा तो आवाज बारका असतो, वाटीत चिंचोका पडावा तसा. पडद्यावर त्याचं नाव मोठं झालं आणि टीव्हीतला त्याचा माणूस दोन्ही हात वर करून नाचला. मी हसलो, रडलो, दोन्ही एकदम. किती तरी दिवसांनी शेजारी कुणी हसू दाबून बसलंय असं वाटलं.

"मामा," सरोजिनी दारात उभी होती, झोपेतून उठलेली. "कुणाशी बोलताय?"

"भद्र्याशी. जिंकला तो."

तिनं खुर्चीकडं बघितलं, ताटलीकडं बघितलं. चांगली आहे पोरगी. एवढंच म्हणाली, "दोन घास खाऊन घ्या आता तुम्ही."

खुर्चीवर रिमोट होता तिथंच होता, बरोब्बर मधोमध.

त्यानंतर आठवडाभर मी रोज दुपारी मशीन लावून बसलो. मार म्हणालो, विनवलं, शिव्या दिल्या. काही नाही. सिद्धप्पा म्हणाला होता ते खरं झालं, मागं काही राहिलं नव्हतं. मी एकट्यानं खेळायचा प्रयत्न केला. हिरवळीच्या काठावर बसून तेवढाच एक फटका पुन्हा पुन्हा मारला, ओंदू, येरडू, मूरू असं मोठ्यानं मोजून. पट्टी लाल. पन्नासदा मारला, पन्नासदा लाल. त्याचं जिंकणं मीच त्याला दिलं आणि त्या भरात त्याला घालवून बसलो, असं वाटायला लागलं. बोलायचं नव्हतं. चेंडू तसाच ओठावर राहू द्यायचा होता. निदान शेजारची खुर्ची तरी करकरली असती.

शेवटी मशीन लावायचं सोडलं. सरोजिनी म्हणाली, "मामा, दाढी किती वाढलीय. जाऊन या न्हाव्याकडं, बरं वाटंल." म्हणून गेलो. न्हाव्याला दोन-चार टोमणे मारले, पण धार नव्हती. तासाभरानं परत आलो तर सरोजिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही… बाहेर कधी गेला?"

"तूच पाठवलंस की दाढीला."

"व्हय, पण नंतर आलात न्हवं?" ती हळूच म्हणाली. "आत्ता पाणी दिलं तुमाला. खेळत बसला होतात. मी म्हटलं, दाढी न करताच आला व्हय. तर हात वर करून थांब म्हणालात." तिची नजर माझ्या गुळगुळीत गालावरून हलेना.

मी आत गेलो. टीव्ही चालू होता. टीपॉयवर पाण्याचा ग्लास, अर्धा प्यालेला, गार. पडद्यावर नवा डाव मांडलेला, दोन गडी, भद्र्या आणि मी. पाच भोकं खेळून झाली होती. मशीनमध्ये मागचे फटके पुन्हा बघता येतात. मी बघितले. पहिल्या भोकावर माझ्या माणसाची पट्टी लाल. दुसऱ्यावर लाल. काठी अशी अधीरपणानं पुढं आणणारा माणूस जगात एकच आहे, त्याला मी रोज आरशात बघतो. तिसऱ्यावर जरा कमी लाल. पाचव्या भोकावर हिरवळीच्या काठावरून त्यानं बारका फटका मारला. काठी मागं गेली… गेली… थांबली… आणि टुक्. पट्टी पांढरी.

मला तो फटका येत नाही. आजही येत नाही. मी लगेच रिमोट घेऊन मारून बघितला. लाल.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. घाबरलो की, थोडा. सरोजिनीला म्हणालो, "अगं, थट्टा केली तुझी," आणि तिनं ते मानून घेतलं, कारण दुसरं काय मानणार? पण खरं सांगू, घाबरण्याहून जास्त वेगळंच काही झालं. लहानपणी सगळी पोरं जत्रेला गेली आणि मी तापानं घरी पडलो होतो, तेव्हा झालं होतं तसं. तिकडं कुणीतरी माझ्या नावानं त्याच्या शेजारी बसतंय. त्याच्याकडनं शिकतंय. तो त्याला शांतपणे सांगत असणार, धोटा पोचू दे की. आणि मी इकडं न्हाव्याला टोमणे मारत बसतोय.

त्यानंतर मी दुपारी बाहेर पडायला लागलो, मुद्दाम. बाहेर पडलो की तिथं खेळ पुढं सरकतो. घरी बसलो तर सरकत नाही. परत येताना मी माझ्याच घराची कडी वाजवतो, दोनदा, आणि थोडं थांबून मग आत जातो. उगाच कुणाचा बेत चुकायला नको.

परवा सरोजिनी आणि आदिनाथ बार्शीला गेले, तिच्या माहेरी. घराला कुलूप लावून मी दोनच्या सुमाराला निघालो, तळ्यापर्यंत जाऊन आलो. ऊन असं की डोळ्यांपुढं पांढरं दिसत होतं. जिना चढून वर आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. कडी वाजवली आणि कान दिला. आत टीव्हीतलं ते पाखरू ओरडलं. मग कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणीतरी हसू दाबलं. दाबलेलं हसू मला ऐकू येतं, दाराआडूनही.

"भद्र्या," मी म्हणालो. "येऊ का आत?"

आवाज थांबले. मग आतून माझाच आवाज आला, हळू, कामात असलेल्या माणसाचा. "थांब की जरा… घाई लई तुला."

मी मागं सरलो आणि चपला काढायला खाली बघितलं. दाराशी माझ्या चपला आधीच होत्या. त्याच त्या. उजव्या टाचेला झिजलेल्या, डाव्या अंगठ्याचा टाका मी स्वतः काळ्या दोऱ्यानं घातलेला. माझ्या पायातल्याही त्याच होत्या, तोच काळा दोरा. फक्त दाराशी काढून ठेवलेल्या चपलांच्या तळव्यांना गवत चिकटलं होतं. ओलं, हिरवंगार, बारीक कातरलेलं गवत. मे महिन्यात, सोलापुरात.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. पायातल्या काढून बाजूला ठेवल्या आणि त्या दुसऱ्या ओढून एक पाय घालून बघितला.

गार होतं आत. दव पडल्यासारखं गार. काढावासा वाटेना. मग दुसरा पायही घातला.